रेनडियरवरचं नाताळचं चित्रपुस्तक मराठीत करताना: चित्रं, नावं, छपाई

पाटीपेन्सिल

नाताळसाठी एक मराठी चित्रपुस्तक करत आहोत. ३२ पानं, ३०० प्रती, वाचक ४ ते ७ वर्षांचे. मुलं स्वीडनमधल्या मराठी वाचनवर्गातली आहेत, घरी मराठी आणि शाळेत स्वीडिश बोलणारी. छपाई पुण्यात होईल. नाताळबाबाची गाडी ओढणाऱ्या रेनडियरची गोष्ट, एवढं नक्की आहे.

चित्रकाराची पहिली रेखाटनं आली आणि काम तिथेच थांबलं. सगळे रेनडियर चितळासारखे झाले आहेत: सडपातळ उभी मान, पाठीवर ठिपके, वर नाकाला लाल गोळा. या मुलांनी खरा रेनडियर पाहिलेला आहे, ती पहिल्याच पानावर ओळखतील.

विचारायचं ते असं. चित्रात नेमकं काय काय बदलायला हवं? आठ रेनडियरची इंग्रजी नावं (डान्सर, प्रान्सर, कॉमेट वगैरे) तशीच ठेवावीत की मराठी करावीत? लाल नाकाचा रेनडियर आपल्या गोष्टीत घेता येतो का? आणि बहुतेक पानं रात्रीची आहेत, गडद निळ्यावर देवनागरी मजकूर नीट छापून येईल का?

खूरशिंग

आधी ठिपके पुसा. रेनडियरच्या पाडसालासुद्धा ठिपके नसतात. आपल्याकडे हरीण म्हटलं की हात आपोआप चितळाकडे वळतो, म्हणून ही चूक हमखास होते.

मग मान. चितळ मान ताठ धरतं. रेनडियर चालताना मान पुढे काढतो, जवळजवळ पाठीच्या रेषेत, त्यामुळे बाजूने पाहिल्यावर डोकं खांद्यापेक्षा थोडंसंच वर दिसतं. एवढं एक बदललं तरी प्राणी ओळखू येऊ लागतो. हिवाळ्यात मानेखाली पांढुरक्या लांब केसांची झालर लोंबत असते, तिच्यामुळे मान जाड वाटते. पाय अंगाच्या मानाने आखूड. खांद्यापाशी उंची साधारण १ मीटर, म्हणजे सहा वर्षांच्या मुलाच्या हनुवटीपर्यंत. चित्रांत त्याला घोड्याएवढा करतात आणि मग शेजारी उभं असलेलं मूल विनाकारण बाहुलीएवढं होतं.

नाक: चितळाच्या नाकाचा शेंडा काळा, ओला आणि उघडा असतो. रेनडियरचं तोंड थेट ओठांपर्यंत केसाळ आणि पुढून रुंद, चौकोनी. बर्फात तोंड खुपसून खायचं असतं, उघडं ओलं नाक तिथे चालणार नाही. नाकाच्या आत मात्र रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. २०१२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या नाताळ अंकात आलेल्या अभ्यासात या सूक्ष्म रक्तवाहिन्या माणसाच्या नाकापेक्षा सुमारे २५ टक्के जास्त दाट आढळल्या. म्हणजे उबदार नाक खरं, लाल चेंडू खोटा.

खूर रुंद आणि गोलसर, दोन भाग फाकलेले. मागचे दोन छोटे खूरही मऊ बर्फात टेकतात. त्यामुळे ठसा असा उमटतो: समोरासमोर दोन चंद्रकोरी आणि मागे दोन ठिपके. हा ठसा पानांच्या कडेने चालवता येईल. मुलं बोटाने त्याचा माग काढतात, आणि चितळाच्या टोकदार ठशापेक्षा तो अगदी वेगळा दिसतो.

शिंगांवर सगळ्यात जास्त वेळ द्या. मुख्य दांडा आधी मागे जातो, मग वळून वर आणि पुढे येतो. शिवाय कपाळावरून पुढे येणारी एक फांदी चपटी, फावड्यासारखी असते, आणि ती बहुतेकदा एकाच बाजूला मोठी असते. डावं-उजवं आरशातल्यासारखं सारखं काढलंत तर ते शोभेचं शिंग होतं. या फावड्याने तो बर्फ उकरतो असं पुष्कळ पुस्तकांत दाखवतात, ते चूक आहे. उकरायला पुढचे खूर वापरले जातात. डिसेंबरात शिंगांवर मखमल (मऊ केसाळ कातडी) नको, ती उन्हाळ्यात शिंग वाढताना असते.

आता खरा पेच. हरणांच्या जातींत मादीलाही शिंगं असणारा हा एकच प्राणी आहे. मोठ्या नरांची शिंगं माजाचा हंगाम संपला की, नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास, गळतात. गाभण मादी ती वसंतापर्यंत, साधारण मे महिन्यात विते तोवर, टिकवून धरते. खच्ची केलेल्या नरांची शिंगंही हिवाळाभर टिकतात आणि गाडीला प्रत्यक्षात असेच नर जुंपतात. तेव्हा २४ डिसेंबरच्या रात्री भरगच्च शिंगं मिरवणारा रुबाबदार नर काढू नका. माद्या काढा, शिंगं बारीक आणि आखूड ठेवा.

डोळ्यांविषयी एक सुंदर गोष्ट. अंधारात प्रकाश पडला की चमकणारा डोळ्यामागचा पडदा उन्हाळ्यात सोनेरी असतो आणि हिवाळ्यात निळा होतो. कंदिलाच्या उजेडात डोळे चमकवायचे असतील तर निळे चमकवा. एरवी डोळा गडद तपकिरी.

जागेबद्दल: उत्तर ध्रुवावर जमीन नाही, गोठलेला समुद्र आहे. तिथे झाडं नाहीत, चाराही नाही. गोष्ट उत्तर स्वीडन-फिनलंडच्या पाइन, स्प्रूस आणि बर्चच्या रानात ठेवलीत तर सगळं जुळून येईल. आर्क्टिक वृत्ताच्या पुरेसं उत्तरेला डिसेंबरात सूर्य उगवतच नाही, दुपारी निळसर संधिप्रकाश असतो. कोपऱ्यात पिवळा सूर्य नको. पेंग्विन तर नकोच, ते दक्षिण गोलार्धातले.

मात्रामोजणी

वर मादीचा मुद्दा आला तो मराठीत दुप्पट महत्त्वाचा आहे. इंग्रजी गोष्टीत रेनडियर धावला की धावली हे न ठरवता पन्नास वाक्यं लिहिता येतात. आपलं क्रियापद पहिल्याच ओळीत विचारतं. बहुतेक मराठी रूपांतरांत सवयीने सगळे ‘तो’ होतात. तुम्ही ‘ती’ ठरवा आणि पहिल्या पानापासून ‘ती निघाली’ असं लिहा. वेगळं समजावून सांगायची गरज नाही. एखादं मूल विचारेलच, तेव्हा शिंगांची माहिती आपोआप देता येईल.

नावांकडे येते. ही आठ नावं २३ डिसेंबर १८२३ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या ‘ट्रॉय सेंटिनेल’ या वृत्तपत्रात निनावी छापलेल्या कवितेतून आली. क्लेमंट मूर यांनी ती १८४४ साली आपल्या संग्रहात घेतली. शेवटची जोडी मूळ छापात ‘डंडर’ आणि ‘ब्लिक्सेम’ अशी होती, म्हणजे डच भाषेतले गडगडाट आणि वीज. पुढे त्यांचं डॉन्डर आणि ब्लिट्झन झालं. अर्थ माहीत असला की मराठी नावं सुचतात: गडगड आणि लखलख. मूळ जोडीपेक्षा ही मुलांच्या तोंडी चांगली बसतात, ‘ब्लिट्झन’मधली जोडाक्षरं पाच वर्षांच्या मुलाला जड जातात.

बाकीच्यांत काही सापळे आहेत. डान्सरचं ‘नाच्या’ करू नका, तमाशातला नाच्या हा वेगळाच अर्थ मोठ्यांच्या डोक्यात येतो. ‘थुईथुई’ चालेल. प्रान्सरसाठी घोड्याच्या दुडक्या चालीवरून ‘दुडकी’. कॉमेटसाठी ‘धूमकेतू’ बरोबर आहे, पण जुना शब्द ‘शेंडेनक्षत्र’ मुलांना चित्रासकट कळतो, शेंडी असलेलं नक्षत्र. क्युपिडचं ‘मदन’ केलंत तर ते शेजारच्या काकांचं नाव वाटेल, ते सोडून द्या. माझ्या मते आठही नावांची गरजच नाही. चार ते सात वर्षांच्या मुलाला एका गोष्टीत तीन, फार तर चार पात्रं ओळखीची होतात. बाकीच्या नुसत्या गाडी ओढू देत.

पद्य करणार असाल तर एक गंमत सांगते. त्या कवितेची चाल दोन हलके आणि एक जड अशा चार गटांची आहे. आपल्याकडे हेच माप तोटक वृत्ताचं, चार ‘स’ गण, १२ अक्षरं, १६ मात्रा. पण शुद्ध तोटक लिहायला गेलात तर शब्द ओढूनताणून आणावे लागतील. त्याच १६ मात्रा पादाकुलकात, आठ-आठच्या दोन तुकड्यांत घ्या, आपली पुष्कळ बालगीतं त्याच ठेक्यात आहेत. नमुन्याला:

ढगात गडगड, नभात लखलख
बर्फावरती टिकटिक टिकटिक

दोन्ही ओळी १६ मात्रांच्या आहेत. मोजताना जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू धरायला विसरू नका, ‘बर्फा’तला ‘ब’ दोन मात्रांचा होतो. चुका नेमक्या तिथेच होतात आणि मोठ्याने वाचताना ओळ लंगडते.

‘टिकटिक’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. रेनडियर चालताना पायातली शीर हाडावरून सरकते आणि खरोखर टिकटिक असा आवाज येतो. कळप चालला की दुरून ऐकू येतो.

हक्कनोंद

लाल नाकाबद्दल थोडक्यात. १८२३ ची कविता सर्वांना खुली आहे. लाल नाकाचा रेनडियर रूडॉल्फ तसा नाही. तो १९३९ साली शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्ड या दुकानसाखळीसाठी रॉबर्ट मे यांनी लिहिला आणि त्या वर्षी सुमारे २४ लाख प्रती फुकट वाटल्या गेल्या. गाणं १९४९ चं, जॉनी मार्क्स यांचं. रॉबर्ट मे हे १९७६ साली वारले. भारतात सर्वसाधारण नियम लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांचा, त्या हिशेबाने २०३६ अखेरपर्यंत. अमेरिकेत १९३९ च्या पुस्तकाला प्रकाशनापासून ९५ वर्षं, म्हणजे २०३४ अखेरपर्यंत. तुम्ही पुस्तक स्वीडनमध्ये वाटणार आहात, तिथे सर्वसाधारण नियम मृत्यूनंतर ७० वर्षांचा, त्या हिशेबाने २०४६ अखेर. प्रती विकत नाही, फुकट वाटतो, म्हणून ही अडचण टळत नाही.

नाव बदलून भागेल असंही समजू नका. चमकणारं लाल नाक, त्यावरून चिडवणारे सोबती, धुक्याची रात्र आणि त्याला गाडीपुढे जुंपणं, हा सगळा सांगाडाच त्या पुस्तकाचा आहे. थंडीने नाक जरा लालसर दिसलं तर कोणी अडवणार नाही. पण गोष्ट त्या नाकावर उभी करू नका.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे आभार. ‘ती’ नक्की केलं, चित्रकाराला मानेचं आणि शिंगांचं टिपण पाठवलं. लाल नाक काढलं, तर आता गोष्टीला कणाच उरला नाही. धुकं किंवा वादळ ठेवायचं आहे. दुसरं, रेनडियर बर्फाखालून खातात त्या ‘रेनडियर मॉस’ला मराठीत शेवाळ लिहिलंय ते बरोबर आहे का? आणि एका पानावर सामी, म्हणजे तिकडच्या रेनडियर पाळणाऱ्या मूळ रहिवाशांपैकी एक माणूस दाखवायचा आहे, त्याचे कपडे कसे असावेत?

उत्तरवाट

शेवाळ चूक. नावात मॉस असलं तरी ते दगडफुलाच्या प्रकारातलं आहे, बुरशी आणि शैवाल एकत्र राहून बनलेलं. गोड्या मसाल्यात घालतो ते दगडफूल याच प्रकारातलं. त्यामुळे ‘बर्फाखालचं दगडफूल’ असं लिहा. मराठी घरातल्या मुलाला डब्यातलं दगडफूल हातात देऊन दाखवता येतं, पुस्तक वाचताना याहून चांगली सोय कुठली. चित्रात ते फिकट राखाडी, बारीक फांद्यांच्या झुपक्यासारखं काढा, हिरवागार गालिचा नको.

गोष्टीचा कणा वर मात्रामोजणी यांनी देऊनच ठेवला आहे. ती टिकटिक. हिमवादळात काही दिसत नसताना कळप एकत्र राहायला हा आवाज उपयोगी पडत असावा असं मानतात. मग नाकाच्या दिव्याची गरजच काय? वादळात डोळ्यांना काही दिसत नाही, पुढच्या रेनडियरची टिकटिक ऐकत मागच्या चालतात. गाडी वर उडालेली असताना पाय जमिनीला लागत नाहीत, म्हणून आवाज थांबतो, आणि खाली उतरल्यावर पुन्हा सुरू होतो. आवाजाचं पान, शांततेचं पान, पुन्हा आवाजाचं पान. मुलं जिभेने टिकटिक करतील. शिवाय यात कुणाला चिडवणं नाही. उपयोगी पडली म्हणून मग सगळ्यांनी जवळ केली, हा साचा मला लहान मुलांसाठी मुळीच आवडत नाही. उपयोगी न पडणाऱ्या मुलाने त्यातून काय घ्यायचं?

सामींबद्दल. ‘लॅप’ हा शब्द टाळा, तो अपमानकारक मानला जातो. ‘सामी’ लिहा. त्यांचा पारंपरिक पोशाख म्हणजे ‘गाक्ती’, आणि त्याचे रंग, पट्ट्या, टोपीचा आकार भागाभागाप्रमाणे बदलतो. वेगवेगळ्या फोटोंतून तुकडे उचलून जोडू नका. एकच भाग निवडा आणि पूर्ण पोशाख तिथलाच ठेवा. नाताळबाबाच्या बुटक्या मदतनिसांना गाक्ती घालणं तर अजिबात नको. साध्या कामाच्या प्रसंगात आजचा पाळणारा जाड कोट घालून हिमस्कूटरवर बसलेला असतो, हातात फास टाकायचा दोर. तसंही दाखवा, तेही खरं आहे.

जुंपणी: आठ जणींना घोड्यासारखे पट्टे ही अमेरिकी चित्रांची रीत. सामी पद्धतीत होडीच्या आकाराच्या घसरगाडीला एकच रेनडियर, गळ्यातून निघालेला एकच ओढदोर पायांमधून मागे, आणि हाकायला एकच लगाम. लांबच्या वाटेवर अशा गाड्या एकीमागे एक बांधतात. तुमच्या टिकटिकीच्या गोष्टीला जोड्यांपेक्षा ही एकेरी रांग जास्त शोभेल.

आणखी एक. स्वीडनमध्ये नाताळचा जुना प्राणी रेनडियर नाही, बोकड आहे, गवताचा. फिन्निश नाताळबाबाच्या नावाचा, योउलुपुक्कीचा, अर्थही नाताळचा बोकड. रेनडियरची गाडी छापील रूपात दिसते ती १८२१ च्या न्यूयॉर्कमधल्या एका छोट्या पुस्तकात, आणि तिथेही रेनडियर एकच होता, आठ दोन वर्षांनी झाले. एखाद्या खिडकीत गवताचा बोकड ठेवा, तिथली मुलं तो लगेच शोधून काढतील.

चौरंग

छपाईचं सांगतो. ३०० प्रती म्हणजे डिजिटल छपाई, ३२ पानं सेंटर पिनिंग (मधल्या घडीवर पिना), कव्हर वेगळं. आत १३० जीएसएम (कागदाच्या जाडीचं, वजनाचं माप) मॅट आर्ट, कव्हर २५० ते ३०० जीएसएम, मॅट लॅमिनेशन. १७० जीएसएम घेतलंत तर ३२ पानांचं पिनिंग फुगू शकतं आणि पुस्तक नीट मिटत नाही.

पानांची मांडणी: १ वर नाव, २ वर प्रकाशनाचा तपशील, ३ वर एक छोटं चित्र, ४ ते ३१ गोष्ट म्हणजे १४ जोडपानं, आणि ३२ वर शेवटचं एकटं चित्र. यात १६-१७ हे मधलं जोडपान एकाच कागदावर सलग छापलं जातं. बाकी सगळीकडे डावं-उजवं पान वेगवेगळ्या कागदावर असतं, एखादा मिलिमीटर सरकतंच. तेव्हा पूर्ण गाडी आणि सगळी रांग दाखवणारं सगळ्यात रुंद चित्र १६-१७ वरच घ्या. दुसरीकडे घ्यावंच लागलं तर मधल्या घडीच्या दोन्ही बाजूंना १० मिलिमीटरमध्ये डोळा, तोंड किंवा अक्षर येऊ देऊ नका. बाहेर ब्लीड, म्हणजे कापण्यासाठी चित्राचा जादा भाग, ३ मिलिमीटर. पिनिंगमध्ये आतली पानं बाहेर सरकतात आणि कापताना थोडी अरुंद होतात, म्हणून मजकूर बाहेरच्या कडेपासूनही १० ते १२ मिलिमीटर आत.

दिशा: देवनागरी डावीकडून उजवीकडे, म्हणून जाणारी गाडी उजवीकडे जाऊ द्या आणि घरी परतताना डावीकडे. मुलाला न सांगता कळतं. चित्रकार मधेच दिशा बदलतो आणि मग निघालेली गाडी परत येतेय असं वाटतं.

रात्रीचा निळा: सायन (निळी शाई) १०० टक्के आणि मॅजेंटा (गुलाबी शाई) १०० टक्के केलंत तर छापून जांभळा येतो. मॅजेंटा ६० ते ७० वर ठेवा. स्क्रीनवर बघून ठरवू नका. ज्या यंत्रावर पुस्तक छापणार त्याच यंत्रावरून, त्याच कागदावर एका पानाचं प्रूफ मागा. बर्फ म्हणजे कोरा कागद, त्यावर हलकी निळी छाया फक्त खोलगट भागात.

मजकूर गडद निळ्यावर पांढरा करायचा मोह टाळा. चार रंगांतला एक जरी किंचित सरकला तरी बारीक शिरोरेघा बुजतात, ‘क्ष’ आणि ‘ष्ट’ची पोटं भरतात. त्यापेक्षा चित्राची रचनाच अशी करा की प्रत्येक पानाच्या खालच्या भागात बर्फ येईल, आणि मजकूर त्या बर्फावर फक्त काळ्या शाईत. एखाद्या पानावर पांढरा हवाच असेल तर ठळक वळण, २४ पॉइंटच्या खाली नाही.

एरवी २० ते २२ पॉइंट. ओळींतलं अंतर आकाराच्या दीडपट, नाहीतर वरच्या ओळीचा ‘कू’ खालच्या ‘कैं’ला भिडतो. एका जोडपानावर २५ ते ३० शब्द पुरे. फाइलमध्ये मजकुराची भाषा मराठी अशी निवडा. ज्या टंकात सोय आहे त्यात ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे होतात. सोय नसेल तर टंक बदला. अक्षरं नुकती शिकणाऱ्या मुलाला हिंदी वळणाचा ‘ल’ अडवतो.

डिजिटलमध्ये घडीवर गडद रंग तडकतो आणि पांढरी रेघ दिसते. कव्हरला घडी घालण्याआधी क्रीझिंग (घडीच्या जागी दाबून खाच) करून घ्यायला सांगा, हे मागितल्याशिवाय होत नाही.

पाटीपेन्सिल

मग ठरलं. एकेरी रांग, पाच रेनडियर, नावं तिघींचीच: गडगड, लखलख, दुडकी. लाल नाकाच्या जागी टिकटिक. चित्रकाराकडे पक्की चित्रं करायला कधी द्यावीत?

मात्रामोजणी

कच्ची प्रत वाचून झाल्यावरच. ए-फोरचे आठ कागद मधोमध दुमडून एकात एक घाला, ३२ पानं होतात. पेन्सिलीने पानांचे आकडे घाला, मजकूर कापून चिकटवा, चित्रांच्या जागी नुसते आकार काढा. मग दोन मीटरवर तीन-चार मुलं बसवून मोठ्याने वाचा. जिथे त्यांची नजर चित्रावरून हटते तिथे शब्द कापा. जिथे तुम्ही पान उलटायच्या आत मूल हात पुढे करतं तिथलं वाक्य पुढच्या पानावर ढकला, कुतूहल पान उलटताना टिकलं पाहिजे. आवाज बंद होतो ते पान बिनशब्दांचं ठेवून बघा, आणि ते उजव्या पानावर संपू देऊ नका, पूर्ण जोडपान द्या. हे दोनदा करा, दुसऱ्यांदा वेगळ्या मुलांसमोर. चित्रं त्यानंतर.